एक तिकडं, एक इकडं

ये पोरी, अशी जवळ ये. कागदावर का होईना, पण जरा सरकून बैस आणि आधी माझी बोलणी खाऊन घे. परवा फोनवर रडलीस, "आत्या, माझा फोन हरवला, आईचे सगळे फोटो गेले." तेव्हा मी समजूत घातली. पण फोन ठेवल्यावर मला लई राग आला तुझा. अगं, बेंगळूरला एवढ्या मोठ्या कंपनीची मशिनं सांभाळतेस, कुणाचं काही हरवू नये म्हणून तुला पगार देतात, आणि स्वतःच्या आईचे फोटो एकाच फोनात? आमचे जोडीअण्णा असते तर त्यांनी तुला हातात चपला देऊन खोलीबाहेर उभी केली असती.

आणि दिवाळीत काय म्हणालीस? "आत्या, माझ्या कामातलं तुला कळायचं नाही." मी हसले आणि करंजी तळत राहिले. तुझं काम मी तुझ्या जन्माआधीपासून करत होते बाई. नुसतं करत नव्हते, त्या कामापायी तुझी आई तुला मिळाली. कशी, ते आज सांगते. मध्येच उठू नकोस.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. उद्यमबागेतल्या कारखान्यांत पंपांचे सुटे भाग ओतायची एक फाउंड्री होती, तिथं मी लागले. शाळा माझी सातवीपर्यंत. टायपिंग मात्र एका टायपिंगच्या दुकानात लोकांची बोटं बघून बघून शिकले होते. मालकांनी हौसेनं कंप्युटर आणलेला. बाहेर काळ्या वाळूची धूळ, तापल्या लोखंडाचा वास, आणि मध्येच ही काचेची थंडगार खोली. त्या खोलीचे राजे म्हणजे आमचे अण्णा.

निपाणीकडच्या एका खेड्यातले, जैन शेतकऱ्याच्या घरातले. आईशी कन्नड, शाळेत मराठी. आम्हाला समजवायचं असलं की मराठी, रागावायचं असलं की कन्नड, आणि मशीन बिघडलं की कुठलीच भाषा नाही, नुसता घशातून हुंकार. त्या हुंकारावरून आम्ही ओळखायचो, आज जेवायला उशीर.

खोलीत शिरायचं तर पाय धुऊन, पुसून, अनवाणी. एकदा मालकांचे व्याही बूट घालून आत आले. अण्णांनी त्यांच्यापुढं बादली आणून ठेवली. व्याही मालकांकडं बघतात, मालक छताकडं बघतात. शेवटी धुतले त्यांनी पाय.

पण अण्णांचं खरं वेड म्हणजे जोडीचं, म्हणून सगळे त्यांना जोडीअण्णा म्हणायचे. कुठलीही गोष्ट एकच आहे म्हटलं की त्यांच्या जिवाला घोर लागायचा. खिशात दोन चष्मे, दोन पेनं. सायकलला दोन घंट्या. दोन्ही मनगटांवर घड्याळं, आणि ती कधी जुळायची नाहीत, त्यामुळं किती वाजले विचारलं की अण्णा गोंधळायचे. त्यांचं एक वाक्य आम्हाला झोपेतही ऐकू यायचं, "एका घरात ठेवलं म्हंजे ठिवलंच न्हाय." म्हणून मशिनातली सगळी माहिती ते रोज फ्लॉपीवर उतरवायचे. फ्लॉपी म्हणजे त्या वेळची काळ्या चौकोनी पाकिटातली पातळ चकती. एक कपाटात, आणि दुसरी जेवणाच्या स्टीलच्या डब्यात, सुक्या फडक्यात गुंडाळून, अण्णांबरोबर बसनं अनगोळला त्यांच्या घरी. आम्हीही अनगोळचेच, त्यामुळं मी त्याच बसला असायची.

कंडक्टर चिडवायचा, "अण्णा, डबा रोज नेताय, रोज आणताय. खाता कवा?"

"जेवण न्हवं रं ते. शंभर मानसांच्या हजेऱ्या हायत."

"मग शंभर तिकिटं काढा की!"

सगळी बस हसायची. अण्णा नाही. ते डबा आणखी पोटाशी धरायचे. त्यांच्या बायकोला, अक्कांना, कुणीतरी एकदा खोडीनं विचारलं की घरात सगळ्याची जोडी, मग तुमची? अक्का म्हणाल्या, "माझी दुसरी प्रत न्हाय म्हणून तर एवढं जपतात." तेवढं एकदाच मी अण्णांना लाजताना बघितलं.

मशीन कंपनीचं, पण अण्णा काही कंपनीपुरते नव्हते. गल्लीत सार्वजनिक विहिरीला दुसरा दोर त्यांनी लावून घेतला, देवळाच्या किल्ल्या दोन घरांत ठेवायला लावल्या. मग त्यांच्या डोक्यात रक्ताचं आलं. भट्टीत एकजण पोळला होता, त्याला वेळेवर रक्त मिळालं नाही. त्यानंतर मालकांना विचारून अण्णांनी एक काम सुरू केलं. कामगार, त्यांच्या घरचे, शेजारचे, ज्यांची तयारी असेल त्यांचा रक्तगट तपासायचा आणि नाव मशिनात भरायचं. प्रत्येक गटाची माणसं जोडीनं निवडायची, आणि जोडीतली दोघं एका भागातली नकोत. एक अनगोळचा तर दुसरा हिंडलग्याचा. एक रेल्वेच्या रुळाच्या अलीकडचा तर दुसरा पलीकडचा. "एक रस्ता बंद झाला तर दुसरा पायजे," म्हणायचे. आडनाव मात्र घ्यायचं नाही. आडनावावरून माणूस कुठला, कुणातला, सगळं कळतं. म्हणून नुसतं नाव आणि खूण, गिरणीमागचं कडुनिंबाचं घर, हिरवी खिडकी, असं.

नावं भरायचो आम्ही दोघी. मी आणि शांता. शांताचं घर रुळापलीकडं, कन्नड बोलणारं. आम्ही भरायला लागलो की अण्णा उठून काचेबाहेर जायचे आणि पाठ करून उभे राहायचे.

मी विचारलं, "अण्णा, तुमचंच मशीन आणि तुम्हीच बघत न्हाय?"

"किल्ली माझ्याकडं हाय म्हणूनच बघायचं न्हाय. उद्या कुणी गळा धरून इचारलं तर मला खोटं बोलता येत न्हाय गं. ठाऊकच नसलं म्हंजे बरं."

तेव्हा मला ते खुळ्याचं बोलणं वाटलं.

पुढं मराठी-कन्नडच्या वादानं हवा बिघडली. तू लहानपणापासून ऐकलंच आहेस, आपल्या सीमाभागात ती दर काही वर्षांनी बिघडायची. दुकानांच्या पाट्यांना डांबर फासलं जायचं, निपाणीकडची बस वाटेतनं मागं फिरायची, आणि कालपर्यंत एका बाकावर बसणारी माणसं बोलताना आजूबाजूला बघायला लागायची. कुणीतरी आवई उठवली की फाउंड्रीच्या कंप्युटरात गल्लीगल्लीतली नावं भरलीत, बटण दाबलं की कुठल्या घरात कोण राहतं ते बाहेर येतं.

आधी रुळापलीकडची पोरं गेटवर आली. सगळ्यांत मोठा आवाज शांताच्या भावाचा, बसूचा. "ती नावं काढून टाका, न्हायतर खोलीच फोडतो!" शांता माझ्या मागं लपली.

त्याच दुपारी आपली अनगोळची पोरं आली. त्यांचं बोलणं गोड. "अण्णा, तुम्ही आपलेच. ती यादी जरा आमच्याकडं द्या. सांभाळून ठेवतो."

अण्णा दोघांनाही एकच म्हणाले, "उद्या सांजंला या." मग खोलीत आले. मला म्हणाले, "फोडा म्हननाऱ्यांचं भ्या न्हाय मला. द्या म्हनत्यात त्यांचं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा दोघींना दोन कोपऱ्यांत बसवलं. प्रत्येक जोडीतलं पहिलं नाव मला, दुसरं शांताला. "पाढ्यासारखं घोका. लिहायचं न्हाय. एकमेकीला सांगायचं न्हाय. मला तर अजिबात न्हाय." आणि गेले काचेबाहेर, पाठ करून. आम्ही दिवसभर घोकलं. घसा कोरडा पडला.

संध्याकाळी दोन्हीकडची पोरं गेटवर आली. मध्ये मालक उभे. अण्णांनी मशिनातली नावं पुसली. मग डबा उघडला, त्यातली चकती काढली, कपाटातली काढली, आणि शिंप्याच्या कात्रीनं दोन्हीचे तुकडे केले. कुणीतरी ओरडलं, "जोडीअण्णा, आता एक बी न्हाय की हो तुमच्याकडं!" दोन्हीकडची पोरं मिळून हसली. त्या महिन्यात ती एवढ्याच गोष्टीसाठी एकत्र आली असतील.

नंतर शांतानं भीत भीत विचारलं, "अण्णा, ही फसवणूक न्हवं का?"

"मशिनातलं काढा म्हनाले, काढलं. डोक्यातलं काढायला मला कुणी सांगितलेलं न्हाय." एवढंच. पण शनिवारच्या शनिवार ते आम्हाला वेगवेगळं बसवून घोकायला लावायचे आणि आपण बाहेर जाऊन उभे राहायचे. मी मनात चरफडायची. कशाला हे रवंथ, म्हणायची.

थोड्याच आठवड्यांत बंद पुकारला गेला आणि शांताला घरच्यांनी कामावर पाठवायचं थांबवलं.

बंदच्या दिवशी सकाळी तुझा जन्म झाला. टिळकवाडीच्या एका लहानशा दवाखान्यात. तुझे बाबा निपाणीला तंबाखूच्या वखारीत नोकरीला, वाहनं बंद म्हणून तिकडंच अडकलेले. दवाखान्यात मी आणि तुझी आजी. तू चांगली ठणठणीत, गळा काढून रडत होतीस. पण वहिनीचं रक्त थांबेना. डॉक्टरीणबाईंनी थांबवलं शेवटी, आणि बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "अंगात काही उरलेलं नाही. ओ निगेटिव्ह आहे. मोठ्या दवाखान्यात निरोप पाठवला, त्यांच्याकडं या गटाची बाटली नाही. संध्याकाळच्या आत माणूस आणा. नाही मिळाला तर माझ्या हातात काही नाही."

आजीनं तुला छातीशी धरलं. मी पळाले. पळता पळता तोंडातून आपोआप यायला लागलं, ए, बी, एबी, आणि मग ओ निगेटिव्ह, बाळू, अनगोळ, गिरणीमागं, कडुनिंबाचं घर. वाटेत अण्णांचं दार वाजवलं. काय झालं ते सांगितलं, तशी त्यांनी सायकल काढली.

बाळूच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "बंद लागणार म्हणून कालच सासुरवाडीला गेला." मी तिथंच पायरीवर बसले.

"बसून चालंल व्हय?" अण्णा ओरडले. "दुसरं नाव कुणाकडं?"

"शांताकडं."

म्हणजे रुळापलीकडं. मी अण्णांच्या सायकलीवर मागं बसले. एरवी एखादी तरुण बाई साहेबांच्या कॅरिअरवर बसली असती तर गल्लीत महिनाभर चर्चा झाली असती, त्या दिवशी बघायला रस्त्यावर कोण होतं? बंद दुकानं, चौकात धुमसणारं टायर, आणि लांबून येणारा घोषणांचा आवाज, कधी या भाषेत, कधी त्या. रूळ ओलांडले तसे अण्णा कन्नडातून मोठ्यानं बोलायला लागले, माझ्याशीच, उगाच, पावसापाण्याचं. मला त्यातलं निम्मंच कळत होतं. मी मान हलवत राहिले.

शांताच्या दारात बसू उभा. हातात काठी. "कशाला आलाय हितं?"

"शांताला एक शब्द इचारायचाय," मी म्हटलं. "माझी वहिनी मरायला टेकलीय."

"ती भेटणार न्हाय."

तेवढ्यात खिडकीची फळी किलकिली झाली. शांता होती. आणि काय सांगू तुला, त्या घटकेला अण्णा सायकल तशीच धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. माणूस मरतंय, समोर काठी आहे, आणि हे नियम पाळतायत! मला रडावं का ओरडावं कळेना.

मी खिडकीशी तोंड नेलं. "ओ निगेटिव्ह. दुसरा कोण?"

शांतानं आधी भावाकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "हाच."

गटतपासणीला तीच त्याला घेऊन आली होती, कधीतरी आधी, हवा चांगली असताना. तो टोचून घेऊन, केळं खाऊन निघून गेला होता आणि विसरला होता. खोली फोडायला आला तेव्हा आत आपलंही नाव आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"अण्णा!" मी हाक मारली. "वळा इकडं!"

बसूला सगळं सांगितलं. त्याची काठी खाली आली, पण पाय उचलेना. तो वाईट नव्हता गं. भ्यालेला होता. गेटवर ओरडताना त्याला अनगोळच्या सगळ्या पोरांनी बघितलेलं. आतून त्याची आई बाहेर आली आणि दारात आडवी उभी राहिली. "माझा एकुलता एक ल्योक हाय. तिकडं गेला आन् परत आला न्हाय तर? कोन आनून दील मला?"

 अण्णांनी सायकल भिंतीला टेकवली आणि परत उचलून बसूच्या हातात दिली. मग तिच्या दारातल्या कट्ट्यावर मांडी घालून बसले.

"अव्वा, तुमचा पोरगा परत येईस्तोवर मी हितनं हलत न्हाय. त्याला काय झालं तर तुमच्या गल्लीनं माझं काय ते करावं. एक तिकडं, एक इकडं."

 ती बाई दारातून बाजूला झाली.

मी बसूच्या मागं सायकलवर बसले. त्याच्या गल्लीतल्या पोरांनी वळणावर अडवलं, "एल्लिगे?" कुठं म्हणून. तो काहीतरी तोडून बोलला आणि पाय न थांबवता निघाला. रूळ ओलांडल्यावर माझी पाळी. आपल्या कोपऱ्यावर पोरं उभी होती, त्यातल्या एकानं हँडलच धरलं. "कोण हा?"

"वहिनीचा भाऊ," मी म्हटलं. 

"मग गप का? बोलू दे की त्याला."

 बसूला मराठी येत होतं, पण हेल कुठं लपतो? तो खाली बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "हँडल सोड भावा. भैण मरायला लागलीया माझी."

हेल तसाच होता. सगळ्यांना ऐकू आला. हँडल धरणाऱ्या पोरानं माझ्याकडं, मग त्याच्याकडं बघितलं. आणि त्यानं हात काढला.

रक्त देताना त्यानं तोंड भिंतीकडं केलं होतं. सुईला भ्यायचा. बाटली भरत आली तेव्हा शेजारच्या खोलीतून तू गळा काढलास. "पोरगी काय?" त्यानं विचारलं. आजी व्हय म्हणाली. डॉक्टरीणबाई बाटली घेऊन आत गेल्या. आम्ही व्हरांड्यात बसलो. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या आणि नुसती मान हलवली, बरी अशी. आजीनं तुला उचलून बसूच्या मांडीवर ठेवलं. तो दचकून म्हणाला, "मला जायला पायजे. तुमचा म्हातारा तिकडं बसलाय."

परत पोचवायलाही मीच गेले. अण्णा कट्ट्यावरच होते. मध्यंतरी चार पोरं येऊन हा कोण म्हणून विचारून गेली होती, तेव्हा त्या माउलीनं "माझ्या म्हायेरचा हाय" म्हणून त्यांना वाटेला लावलं होतं. बसूला बघून ती आधी रडली, आणि मग माझ्याकडं तक्रार केली, "तुमचा ह्यो अण्णा लई तरास देतो गं. घरात दुसरा कंदील न्हाय म्हणून सकाळधरनं मला बोलतोय!"

अण्णा सायकलीवर बसले. वाटेत एकदाच बोलले. "ते दुसरं नाव. मला कळलं आज, म्हंजे ते आता गुपित न्हाय. शांताला सांग, त्या गटात आता आणखी एक शोधाय पायजे."

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. फाउंड्रीही बंद पडली. आणि तू मला लहानपणी विचारायचीस ना, बसूमामा आपला कुठला मामा? आईचा भाऊ कन्नड कसा बोलतो? तुझ्या लग्नात अंतरपाटापाशी तुझ्यामागं मामा म्हणून तो उभा राहिला तेव्हा तुझ्या सासरच्यांनीही विचारलं. तुझी आई हसून नुसतं म्हणायची, "माझ्या रक्ताचा हाय." त्याहून जास्त ती कधी बोलली नाही. तिला त्या दिवसाची आठवण काढली की धाप लागायची.

पण अण्णांचं वाक्य तिनं धरून ठेवलं होतं. तुझ्या बारशापासून घरात फोटो काढला की ती दोन प्रती काढून घ्यायची. एक आपल्या घरी. दुसरी दर दिवाळीला फराळाबरोबर रुळापलीकडं, बसूमामाच्या कपाटात. आपल्या घरातल्या तू बेंगळूरला नेल्यास, फोनात उतरवून घेतल्यास आणि कागदाचे फोटो घर बदलताना कुठं टाकलेस देव जाणे. ती जायच्या आधीचे, दवाखान्यात फोनात काढलेले, ते गेले असतील. ते जाऊ देत, त्यातलं आपलं रूप तिला स्वतःलाही बघवत नव्हतं. पण नऊवारी नेसलेली, तुला कडेवर घेतलेली, हसताना दात दिसू नयेत म्हणून तोंडावर पदर धरलेली तुझी आई रुळापलीकडं सुखरूप आहे.

मी काल मामाला फोन केला. त्यानं फोटो काढून, पुसून ठेवलेत. पोस्टानं पाठव म्हटलं तर माझ्यावरच ओरडला, "वाटेत हरवलं तर? दुसरी प्रत कुठं हाय आता?" खरंच आहे. म्हणून तूच ये. मामाला आता दारातला कट्टाही उतरवत नाही, तो दिवसभर खिडकीशी बसून वाटेकडं बघत असतो. सुट्टी मिळत नाही वगैरे मला सांगू नकोस. शनिवारची गाडी पकड, मी करंज्या करून ठेवते, आणि आपण दोघी मिळून रुळापलीकडं जाऊ. ये गं लवकर.